पाहुण्यांचा कोपरा

"मान वर कर जरा," ग्लेनिस म्हणाली आणि तिने क्लिफच्या गळ्याभोवती पिवळा मफलर आवळला.

क्लिफ अ‍ॅशवर्थने आरशात पाहिलं आणि लगेच नजर वळवली. कॅल्डरशॉच्या माणसाच्या गळ्यात हॅगडेलचा पिवळा रंग. बाप हयात असता तर त्याने घराबाहेर काढलं असतं.

"इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या माहेरचा वाटतोयस."

"हसून घे."

"हसत नाहीये. हसले तर गाठ सुटेल."

कॅल्डरशॉचा फुटबॉल संघ वरच्या लीगमध्ये गेला आणि घरच्या प्रेक्षकांचं तिकीट दर मोसमाला वाढत गेलं. यंदा ते पेन्शनीला झेपेना आणि क्लिफची बापापासून चालत आलेली जागा सुटली. पबमधल्या सगळ्यांनी मग ग्लास आपटून शपथ घेतली, की या भावात मैदानात पाऊल टाकायचं नाही. सगळ्यात जोरात ग्लास क्लिफने आपटला होता.

पण आज कीरन ओगडेनचा शेवटचा सामना होता, घरच्याच मैदानात, हॅगडेलशी. कप्तान कीरन क्लिफच्या गल्लीतला. नऊ वर्षांचा असताना त्याने क्लिफच्या काचघराची तावदानं फोडली होती आणि संध्याकाळी स्वतः येऊन टोमॅटोतल्या काचा वेचल्या होत्या. त्याला निरोपाच्या दोन टाळ्या वाजवायला मिळाल्या नाहीत, तर ती रुखरुख क्लिफला जन्मभर पुरली असती.

वाट एकच होती. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांकडून तीस पौंडांहून जास्त घ्यायचे नाहीत, असा लीगचा नियम आहे. घरच्यांसाठी तसा नियम नाही. स्वतःच्या मैदानात परवडेल अशा भावात शिरायचं, तर परकं होऊन. ग्लेनिसच्या मावसभावाने हॅगडेलहून तिकीट पाठवलं. डोंगरापलीकडे सोयरीक नाही असं कॅल्डरशॉत घरच नव्हतं, त्यामुळे मावसभावाने कारणही विचारलं नाही.

फाटकावरच्या रक्षकाने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "पाहुण्यांत घरचा कुणी सापडला तर बाहेर काढतो आम्ही. आणि पुन्हा कधीच आत नाही. माहीत आहे ना?"

"चांगलंय की," क्लिफ हॅगडेलच्या हेलात म्हणाला. "असल्यांना सोडूच नये."

कोपऱ्यातली जागा तिसऱ्या रांगेत होती. बोचरा वारा होता आणि सगळे नाकापर्यंत मफलरमध्ये. मफलर मात्र कोरे करकरीत, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. ही माणसं वस्तू जपून वापरतात, क्लिफच्या मनात आलं.

शेजारी एक जाडजूड बाई बसली होती. "मी मॉरीन," ती म्हणाली. "तुम्ही हॅगडेलमध्ये कुठले?"

क्लिफने मफलर आणखी वर ओढला. "चर्चच्या मागे."

"कुठल्या चर्चच्या?"

"मोठ्या. आणि तुम्ही?"

"आम्ही... त्याच्याच पुढे," मॉरीन म्हणाली आणि तिने घाईने पिशवीतून खिम्याचं पॅटिस काढून त्याच्या हातात दिलं. "घ्या. गार होतंय."

पॅटिसच्या कडेची वेणीसारखी दुमड क्लिफच्या ओळखीची होती. "हे हॅगडेललाही मिळतं?"

"मिळतं की. खा हो दादा, प्रश्न काय विचारताय."

अर्धं त्याने ग्लेनिससाठी कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकलं.

सामना सुरू झाला. पुढच्या दोन रांगांनी हॅगडेलचं गाणं धरलं. मागच्या रांगा मफलरमध्ये पुटपुटत राहिल्या. क्लिफनेही नुसते ओठ हलवले. कीरनचा फटका खांबाला लागून बाहेर गेला, तेव्हा त्याने हात मांडीखाली दाबून धरले. मॉरीन खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. तिची नाडी सारखीच सुटत होती.

शेवटची दहा मिनिटं उरली आणि कीरनला बाहेर बोलावलं. खेळाडूने जवळच्या रेषेवरून बाहेर जायचं असतं. जवळची रेषा म्हणजे पाहुण्यांचा कोपरा. पुढच्या दोन रांगांनी शिट्ट्या सुरू केल्या. कीरन मान खाली घालून त्यांच्यासमोरून निघाला.

क्लिफला ते पाहवेना. काढतात तर काढू देत. तो उठला, डोळे मिटले आणि टाळ्या वाजवू लागला. कॉलरवर हात पडायची वाट पाहत वाजवत राहिला.

हात पडला नाही. टाळ्यांचा आवाज वाढला. त्याने डोळे उघडले तर तिसऱ्या रांगेपासून मागचा अख्खा कोपरा उभा होता. मॉरीन डोळे पुसत होती. कीरनने मान वर केली, थबकला आणि छातीवर हात ठेवून वाकला.

क्लिफ मटकन खाली बसला. जन्मभर त्याने या पिवळ्यांना शिव्या घातल्या होत्या. ग्लेनिसच्या बापाशी तर नाताळातही धड बोलला नव्हता. आणि हीच माणसं शत्रूच्या कप्तानाला उभं राहून निरोप देत होती.

"मोठ्या मनाची माणसं," तो म्हणाला.

"कोण?" मॉरीनने विचारलं.

"हीच. सगळी."

मॉरीनने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. क्लिफने मनाशी ठरवलं, आता हॅगडेलने गोल मारला तर आपणही मन मोठं करायचं.

तो गोल त्यांनी अगदी शेवटच्या मिनिटाला मारला. क्लिफच्या काळजात कळ आली, पण तो उठला. मफलर डोक्यावर फिरवला आणि हॅगडेलच्या नावाने घसा फुटेस्तोवर ओरडला.

पुढच्या दोन रांगा नाचत होत्या. मागून मात्र कुणाची साथ येईना. क्लिफने वळून पाहिलं. एकामागून एक पिवळ्या मफलरांच्या रांगा, सगळ्या बसलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

मॉरीनने त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि उरलेलं पॅटिस काढून घेतलं.

"तरीच म्हटलं," ती म्हणाली. "खराच निघाला हा. हॅगडेलवाला कुठला."