रक्ताचं नवं पीक

भाताची लावणी उरकून तुळजाबाई घरी आल्या, तेव्हा त्यांच्या डाव्या पायात चप्पलच नव्हती. वाटेत कुठं निसटली, त्यांना पत्ता नव्हता. तळपायाला काच लागली होती, तीही सुनेनं, गौतमीनं दाखवली तेव्हा कळली.

पौडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, साखर वाढली की ती रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटते. पेशी ताठर होतात, बारीक नळ्यांतून नीट सरकत नाहीत. पायाच्या नसांची उपासमार होते, मग पाय बधिर पडतो."

"मग काडा की ती साखर धुऊन!"

"ती निघत नाही. पण जुन्या पेशी मरतात आणि तीन-चार महिन्यांत नव्या येतात. त्यांना तरी जपा."

"म्हंजी भाताचं एक पीक," तुळजाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात भात शिजला तो इतरांसाठी. तुळजाबाईंनी नाचणीची भाकरी खाल्ली, एक गोळी चुकवली नाही, आणि दिवसभर सगळ्यांवर करवादत राहिल्या.

भात कापणीला आला. बांधावरून त्या ओरडल्या, "गौतमे, चपलंत खडा शिरलाय बघ! लई टोचतोय."

गौतमी विळा टाकून धावली. "कुटल्या पायात?"

"डाव्या," त्या वैतागून म्हणाल्या आणि चमकून त्या पायाकडं बघू लागल्या.

गौतमी खडा काढायला वाकली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे जरा. टोचू दे."