चाळीस ओव्यांची उकळी

"नळीचं तोंड उघडू नका, डॉक्टर. सिरिंज अजून उकळलेली नाही." नर्स विनोदिनीने त्यांचा हात वरच्या वर थांबवला.

खाटेवरच्या बनुबाईला ते पाण्याखालून आल्यासारखं ऐकू आलं. तापाचा चौथा दिवस. हाताला एकच शीर उरली होती आणि तिच्यात सलाईनची सुई होती. आता त्याच नळीतून रक्त काढायचं, घाटातून येणाऱ्या एसटीने महाडला धाडायचं. तिथे तपासलं तरच औषध कळणार होतं.

"पाच मिनिटं उकळलं तरी पुरे. गाडी चुकली तर ही उद्यापर्यंत तग धरायची नाही."

"ही नळी थेट रक्तात जाते. वीस मिनिटं."

पोलादपूरच्या त्या दवाखान्यातलं एकुलतं घड्याळ कालपासून बंद होतं.

सासू ठकूबाई कोपऱ्यातून म्हणाली, "वीस मिनटं म्हंजे किती ओव्या गो बाय?"

विनोदिनी हात धुता धुता थबकली. "मिनिटाला दोन धरा, आजी. चाळीस."

"मंग मी मोजतंय."

ठकूबाईने पाय पसरले. समोर जातं नव्हतं. तिने हवेतलाच खुंटा धरला आणि गाऊ लागली, डाव्या हाताच्या पेरांवर मोजत.

सात.

स्टोव्ह घरघरतो. की जातं? बनुबाईच्या कपाळावर पीठ पडतंय, गार.

एकोणीस.

पीठ सावित्रीवर पडतंय. नदी पांढरी. पलीकडे एक पोर परकर सावरत उभी. सासू गाण्यातून तिलाच हाक मारते, साळू. ही नणंद बनुबाईने कधी पाहिली नव्हती. ती बनुबाईच्या लग्नाआधीच वारलेली.

तेहतीस.

हॉर्न. एसटी आली.

चाळीस.

ठकूबाई थांबली नाही.

त्रेचाळीस.

"आजी, झाल्या का?"

ठकूबाईने गाता गाताच मान हलवली. अजून नाही.

डॉक्टर दारातून ओरडले, "महिपती, दोनच मिनिटं!"

"तुमच्या दोन मिनटांत मानूस म्हाडला चालत जाईल!" कंडक्टर ओरडला. पण घंटीची दोरी त्याने ओढली नाही.

पलीकडची पोर पाण्यात एक पाऊल टाकते.

पन्नास.

जातं थांबलं. चिमटा, सिरिंज, स्पिरिटचा वास. नळीचं तोंड क्षणभर उघडलं, मिटलं. डॉक्टर बाटली घेऊन धावले. हॉर्न महाडच्या दिशेने लांब गेला. पलीकडच्या पोरीने पाऊल मागे घेतलं, आणि पाठ फिरवून ती पिठात दिसेनाशी झाली.

"फार लांबल्या हो आजी, तुमच्या चाळीस," विनोदिनी म्हणाली.

"चाळीस मगाशीच झाल्या." ठकूबाईने सुनेचं कपाळ पदराने पुसलं. "बाजारातल्या सुईवाल्यानं साळूला टोचायची सुई नुसती गरम पान्यात बुडवली व्हती. हात सुजला, सा दिसांत गेली माजी पोर. वरच्या धा तिच्या."