भुवयांकडं बघ

हे लिहिणारच नव्हतो, पण माझा दोस्त नागराजच म्हणला, लिही.

आळंदला पोरगी बघायला जायच्या आदल्या दिवशी तो हुमनाबादच्या बसस्टँडजवळ, संगमेशच्या मोबाईल रिचार्जच्या दुकानात बसला होता. तिसरं ठिकाण हे. पहिल्या घरी नागराज सगळा वेळ पंख्याकडंच बघत बसला आन् उठताना पोरीच्या बापाला म्हणला, "बेअरिंग गेलंय." दुसऱ्या घरी तोंडच उघडलं न्हाई. पोरगं अर्धवट हाय, अशी बोंब झाली. हेबी हुकलं तर पुढं कोण पोरगी दाखवणार?

नागराज पंख्या-पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचा. माणसं मात्र त्याला उमगायची न्हाईत. संगमेशचं उलटं. गिऱ्हाईक मराठी बोलू दे, कन्नड बोलू दे, हा सगळ्यांशी हसून. दुपारी तेवढा शटर पाडून आत बसायचा, जेवायला म्हणून. डबा कैकदा तसाच घरी जायचा.

"डोळ्यात बघवत न्हाई मला," नागराज म्हणला. "चटका बसल्यावानी होतंय."

"मग भुवयांकडं बघ. समोरच्याला कळत न्हाई."

"आन् हसायचं कधी?"

"बाकीचे हसले की. जरा थांबून. आधी हसलास तर येडा म्हणतेल."

"हाताचं काय करू?"

"चहाचा कप धर. संपला तरी सोडू नको."

नागराजला नवल वाटलं. "वायंडिंग शिकवल्यावानी शिकवायलास की. तू कुठं शिकलास?"

"गिऱ्हाइकं शिकवतेत," म्हणत संगमेश हातातला रिकामा कप फिरवत बसला.

आळंदला संगमेशबी संगं गेला. पोरीचे, म्हंजे तुळजाचे मामा, उमाजी, समोर बसले. वर पंखा कुरकुरत होता. नागराजनं मान वर केली न्हाई. मामांच्या भुवया पांढऱ्या, जाड, एकीवर तीळ. संगमेशनं कायतरी गंमत केली, सगळे हसले. नागराज थांबून हसला.

"पोरगा नजर चोरत न्हाई," मामा आत सांगताना ऐकू आलं. तुळजानंबी व्हय म्हणलं.

परतीच्या बसमधी नागराज घामानं भिजला होता. "लय दमलो रे. आता तुळजाच्याबी जन्मभर भुवयाच बघायच्या का?"

"तिला खरं सांगून टाक. लगनाच्या आधी."

"आन् न्हाई म्हणली तर?"

"म्हणू दे. जन्मभर लपवायला लय जड जातंय."

"तुला काय ठाऊक? तुला तर समदंच जमतंय."

आळंदच्या स्टँडावर घेतलेला चहाचा रिकामा कप अजून संगमेशच्या हातात होता.

"आजपासनं," तो खिडकीबाहेर बघत म्हणला, "तुझ्यासमोर तरी मी भुवयांकडं बघणार न्हाई. शब्द देतो."