राहिलेला स्वेटर

महिनाभर योगशिक्षकांच्या ट्रेनिंगला जातेय, असं तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. तिकडे उन्हानं अंगाची लाही होते म्हणून बॅगेत सगळे सुती कपडे, टोपी आणि योगा मॅट.

खरं तर ती डोंगरातल्या मावशीकडे चालली होती, कायमची. पण तो बॅग तपासणार हे ठरलेलंच होतं. त्याला ताकास तूर लागू नये म्हणून तिनं साधी शालसुद्धा घेतली नव्हती.

त्यानं एकेक कपडा झटकून पाहिला, पुन्हा घडी घालून ठेवला. तिच्या जिवात जीव आला.

मग कपाटातून तिचा लोकरी स्वेटर आणून त्यानं बॅगेत वरच ठेवला.



"हा राहिला की गं. मावशीकडे थंडी फार असते."