काळ्या शर्टावरची पावडर

"आज परत पिठाच्या गिरणीतून आलास का रे?" मॅनेजरने त्याच्या खांद्याकडे बोट केलं.

काळ्या शर्टावर पांढरे ओघळ. खांद्यावर, कॉलरखाली, पाठीवर तर अख्खा नकाशा. तो हाताने पुसायला गेला तसे ते अजूनच पसरले.

"धुतलेला आहे सर. धुण्याच्या पावडरचेच डाग आहेत."

"म्हणजे धुऊन घाण झालाय! उद्या असाच आलास तर काउंटर सोडायचं. मागे गोदामात बसून चादरींच्या घड्या घाल. तिथे तुला बघायला कुणी येत नाही."

कुणी येत नाही, तीच तर भीती. हॉटेलच्या काउंटरवर लोक त्याच्याकडे किल्ली मागायचे. रस्ता विचारायचे. एखादा जाताना "येतो हं" म्हणायचा. दिवसभरात त्याचं माणसांशी जे काही बोलणं व्हायचं, ते एवढंच. चादरी काय बोलणार?

घरी तो आणि बाबा. आई गेल्यावर बाबांनी याला न विचारता तिचं कपाट रिकामं केलं, कपडे कुणाकुणाला देऊन टाकले. त्यावरून हा नको नको ते बोलला. बाबा म्हणाले, "पुन्हा बोलू नकोस माझ्याशी." मग हा बोलला नाही. आयुष्यात बापाचं ऐकलेली ही एकच गोष्ट. बाबाही हट्टाला पेटलेले. एकाने चहा करून झाकून ठेवायचा, दुसऱ्याने पिऊन कप विसळून पालथा घालायचा. झालं संभाषण. कित्येक महिने असंच चाललं होतं.

डागांवर त्याने उपाय काही कमी केले नव्हते. हॉटेलच्या लाँड्रीतल्या मावशी म्हणाल्या, "कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाल, शर्ट बुडवून ठेव, मग साध्या पाण्यातून खळबळून काढ." डाग गेला. पुढच्या धुण्याला परत हजर.

"पावडर वरून भुरभुरतोस का?" मावशींनी विचारलं. "आधी तळाला पावडर, मग कपडे."

"तळालाच टाकतो. आई तसंच करायची."

"मग माप कमी कर. आणि मशीनमध्ये कपडे कोंबू नको."

माप निम्मं केलं. कपडे कमी केले. शर्ट उलटा करून टाकला. डाग काही पाठ सोडेनात.

त्या दिवशी घरी जाताना तो मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात शिरला. मेकॅनिकने सगळं ऐकून घेतलं.

"पाणी भरतं? ड्रम फिरतो? मग मशीन ठणठणीत आहे. पावडर जास्त होतेय तुझी. विरघळत नाही, बसते कपड्यांवर."

"अहो, निम्मंच माप टाकतो."

"मग घरात भूत असेल, पावडर टाकणारं." तो खो खो हसला. "बायकोला विचार."

"लग्न नाही झालं."

"मग आईला."

हा शर्टावरचा डाग नखाने खरवडू लागला. मेकॅनिकचं हसू विरलं. हातातला पाना त्याने उगाचच पुसला.

"असं कर," तो हळू आवाजात म्हणाला, "उद्या पावडर टाकूच नको. नुसत्या पाण्यात फिरव. कपड्यांत मुरली असेल ती निघून जाईल."

सकाळी त्याने कपडे मशीनमध्ये टाकले. त्याचे, बाबांचे. पावडरच्या डब्याला हातही लावला नाही. झाकण लावलं आणि आंघोळीला गेला. बाथरूमचा नळ आणि मशीन एकाच पाइपवर, दोन्हीला एकदम पाणी पुरत नाही. म्हणून त्याची रोजची पद्धत ठरलेली. कपडे टाकून ठेवायचे, आंघोळ उरकायची, मग बाहेर येऊन बटण दाबायचं.

बादलीत पाणी पडायला लागलं आणि त्याच्या लक्षात आलं, अंगातला बनियन धुवायला टाकायचा राहिलाय. नळ तसाच सोडून तो बाहेर आला.

मशीनपाशी बाबा उभे होते. झाकण उघडं. एका हातात डबा, दुसऱ्यात चमचा. मान खाली घालून ते त्याच्या काळ्या शर्टावर पावडर पेरत होते. खांद्यावर, कॉलरखाली, पाठीवर. अगदी जपून, कुठे जागा सुटू नये म्हणून. आई असताना त्यांनी या मशीनला कधी हात लावल्याचं त्याला आठवत नव्हतं.

चाहूल लागताच ते दचकले. डबा पाठीमागे न्यायला बघत होते, तोवर याने पाहिलंच होतं. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. वापरात नसलेल्या नळासारखा आवाज आधी फुटेचना.

"रोज बघतो," ते म्हणाले. "कपडे टाकतोस नि पावडर टाकायला विसरतोस. तसाच जाशील कामावर. लोक काय म्हणतील?"

रोज. म्हणजे तळाला याची पावडर आणि वरून त्यांची. तळाची त्यांना दिसायची नाही. वरची पडायची तेव्हा हा आंघोळ करत असायचा.

याच्या तोंडाशी सगळं आलं होतं. मॅनेजर, गोदाम, व्हिनेगर, निम्मं माप. आत बादली भरून वाहत होती. त्याने एकेक कपडा उचलला आणि मशीनमध्येच झटकला. कोरडी पावडर तळाला पडली. मग कपडे परत आत ठेवले, त्यांवर बनियन टाकला. बाबा डबा छातीशी धरून बघत राहिले.

"विसरतो खरा," तो म्हणाला. "उद्याही विसरेन, बाबा."