हाताचा क्लच

तिसरी वायरही तुटली.

सावळाराम पिकअपखालून सरपटत बाहेर आला आणि तुटलेलं टोक उन्हात धरून पाहू लागला. फटफटीच्या क्लचची वायर ती. एवढ्या गाडीचा क्लच तिला ओढवत नव्हता.

"ऱ्हाऊ द्या आता," खाटेवर बसलेला हरेश म्हणाला. "नाय जमायचं."

"वायर बारीक हाय. दुसरं काय नाय."

हरेशच्या पँटचा डावा पाय मांडीपाशी दुमडून पिनेनं टाचलेला होता. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तो हीच पिकअप घेऊन टोकावड्याची भाजी कल्याणच्या बाजारात पोचवायचा. आता त्याची बायको पूजा वीटभट्टीवर जात होती आणि तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. हातानं चालवायच्या गाड्या शहरात करून मिळतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. पण ते परवडणारं नव्हतं. शेवटी सावळारामनंच गवतात गंजत पडलेली पिकअप ट्रॅक्टरला बांधून आपल्या अंगणात आणली. भंगारातला रेडिएटर बसवला. चेपलेलं तोंड दोन दिवस ठोकून सरळ केलं.

भातसानगरला धरणावर त्यानं तीस वर्षं फिटरकी केली होती. केवढंही जड दार माणसाच्या हातानं हलतं, जोर कुठं लावायचा ते कळलं पाहिजे, असं तो म्हणायचा. हरेशचा उजवा पाय शाबूत होता, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची काळजी नव्हती. प्रश्न फक्त क्लचचा. गियरच्या दांड्यावर फटफटीचा लिव्हर बसवायचा, तिथून वायर थेट पेडलला. गियर टाकणाऱ्या हातानंच क्लच दाबायचा.

दुसऱ्या दिवशी तो मुरबाडला मंगळूच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला. भंगारातून हँडब्रेकची जाड वायर काढली, एक छोटी पुली शोधली.

"पेडलला हातभर पट्टी जोडून दे," तो म्हणाला. "लांब असली का जोर कमी लागंल."

"कोनासाठी?"

"पोराचं काम हाय. पुरं तर करायला पायजे."

मंगळूनं पट्टी कापायला घेतली.

अंगणात सगळं काम चाललेलं असताना सावळारामची बायको गीताबाई घरातच असायची. चहा ती उंबऱ्यावर ठेवायची आणि आत वळायची. हरेशकडे बघायचं ती टाळत होती. नवरा जेवायला बसला की मात्र विचारायची, "त्यानं खाल्लं का काय?"

"अर्धी भाकर."

मग ती दुसऱ्या दिवशी भाकरीवर तुपाचा गोळा ठेवायची.

जाड वायर टिकली. सावळारामनं दाराशी धरायला पाइपाचा तुकडा लावला, चढायला लाकडी पायरी ठोकली. पण हरेश गाडीत बसेना.

"मला भ्या वाटतं," तो खालमानेनं म्हणाला. "डोळे मिटले तरी ती गाडीच दिसते."

सावळाराम त्याच्याशेजारी खाटेवर बसला. हातातला पाना खाली ठेवला.

"भ्या मलापन वाटतं रे," तो म्हणाला. "पन तू असा बसून ऱ्हायलास तर दोन घरं बसतील."

हरेश उठला. कुबड्या गाडीला टेकवल्या, पाइप धरला आणि वर चढला.

पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही. लिव्हर एकदम सोडायचा नाही, हळूहळू सोडायचा, हे बोटांना कळेपर्यंत दुपार झाली. मग गाडी हलली. अंगणातून निघून चिंचेपर्यंत गेली आणि थांबली.

तेव्हा गीताबाई बाहेर आली. तिच्या हातात शर्टांचं कापड जोडून शिवलेली जाड गादी होती.

"शिट टोचत असंल," ती म्हणाली.

हरेशनं गादीवरून हात फिरवला. "शर्ट तर चांगले होते."

"पडूनच होते."

तिनं स्वतः गादी सरकवून दिली, आणि हात मागं घेता घेता क्षणभर त्याच्या खांद्यावर ठेवला. हरेशनं वर पाहिलं नाही.

"रस्त्यावर काढ," सावळाराम शेजारी बसत म्हणाला. "घाटाकडं."

"आजच?"

"आजच."

टोकावडं मागं पडलं. समोरून एसटी आली, पण गाडी आपल्या बाजूनंच चालली. दुसरा गियर, मग तिसरा. वारा आत येत होता. सावळाराम समोर बघत बसला होता.

एका वळणावर आंब्याचं मोठं झाड होतं. बुंध्याची साल कमरेएवढ्या उंचीवर सोलून निघालेली होती. ते दिसताच हरेशनं ब्रेक दाबला, पण लिव्हर दाबायचं विसरला. गाडी आचका देऊन बंद पडली.

रस्ता मोकळा होता.

"हितंच ना?" सावळारामनं विचारलं.

"हितंच."

"लोकं सांगतात, चूक त्याचीच होती. माझा संदेश फटफटी घेऊन आडवा आला, आनि त्याला वाचवायला तू गाडी झाडावर घातलीस."

हरेशनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"पन वाचवता नाय आलं तुमच्या पोराला," तो म्हणाला.