मधली तीन वर्षं

"फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ. मजकुराला हात लावू नकोस," असं बजावून क्लबचे चिटणीस आंघोळीला गेले, आणि त्यांच्या बायकोने लाल पेन घेऊन प्रूफ पुढे ओढलं. क्लबला पन्नास वर्षं झाली होती. स्मरणिका बारापर्यंत छापखान्यात पोचायला हवी होती. तिथून सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता.

वाटचालीचं पान नवऱ्याने स्वतः लिहिलं होतं. गोदामाच्या भिंतीवर पिंपाचं लोखंडी कडं ठोकून सुरू झालेला बास्केटबॉल. टपालातले, गिरणीतले, दुकानांतले नोकरदार, जे दिवसभर राबून संध्याकाळी खेळायचे आणि सामन्यामागे मानधन मिळू लागल्यावर स्वतःला निम्मे व्यावसायिक म्हणवून घ्यायचे. मग दहाव्या वर्षी पंचांशी झालेली हाणामारी आणि संघटनेने घातलेली बंदी. त्याखाली एक ओळ होती: "त्यानंतर तीन वर्षे क्लबचे कार्य थंडावले."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

ती उठली, खिडकीपाशी गेली. परत येऊन बसली, लगेच परत उठली. नवरा डोकं पुसत बाहेर आला तेव्हा ती प्रूफ हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभी होती.

"थंडावलं म्हणजे काय हो?"

"म्हणजे काय? बंदी होती ना आमच्यावर."

"तुमच्यावर होती. आमच्यावर नव्हती. तीन वर्षं मुलींचा संघ उतरला म्हणून क्लबची नोंदणी टिकली. एक्केचाळीस सामने खेळलो आम्ही. तुम्ही बाकावर बसून शिट्ट्या मारत होतात तेव्हा."

नवऱ्याचा हात टॉवेलवरच थांबला. "अगं, मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "सुचलंच नाही बघ."

मुद्दाम गाळलं असतं तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. सुचलंच नाही म्हटल्यावर काय भांडणार! पण माणूस वाईट नव्हता. त्याने ओल्या डोक्यानेच खुर्ची ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"सांग नावं. एक परिच्छेद वाढवतो. खालची जाहिरात थोडी लहान करू."

तिने एका दमात पाच नावं सांगितली. त्यांत चौथं स्वतःचं, माहेरच्या आडनावासकट. सहाव्याला ती अडली.

"ती हो... उंच. लाँड्रीत कामाला होती."

"शिडी!" नवरा पटकन म्हणाला.

"हो, शिडीच. तिचं नाव..."

सगळं आठवत होतं. इस्त्रीने पोळलेली मनगटं. घोट्याभोवती दोन वेढे देऊन बांधलेली बुटांची नाडी. दुसऱ्या वर्षीचा शेवटचा सामना तिने सुजलेल्या पायाने ओढला होता, आणि नंतर हिच्याच खांद्यावर भार टाकून ती लंगडत घरी गेली होती. फक्त नाव येईना. तिने जुन्या कप्तानणीला फोन लावला.

"शिडी गं! आपण सगळ्या शिडीच म्हणायचो," कप्तानीण म्हणाली. "नाव होतं काहीतरी. छान होतं."

फोन ठेवून ती नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली. त्याने पेन उचललेलंच होतं.

"शिडी असंच टाकू?" त्याने विचारलं. चेष्टेने नाही, खरंच मदत म्हणून.

तिच्या कानशिलांपर्यंत आग गेली. मघाशी ती याच माणसावर तडकली होती.

फोन पुन्हा वाजला. छापखानाच असणार.

"आज प्रूफ येत नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. प्रूफ आणि पेन पिशवीत कोंबून तिने चपला पायांत सरकवल्या.

"अगं, साडेअकरा वाजलेत!"

ती जिन्यात होती.

लाँड्रीच्या जागी आता चष्म्यांचं दुकान होतं. तिथल्या पोराला काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या शिंप्याने मात्र मशीन न थांबवता सांगितलं, "उंच बाई ना? मागचा जिना, तिसरा मजला." साठी उलटलेल्या गुडघ्यांनी ती तीन मजले न थांबता चढली. दाराशी पोचली तेव्हा छातीचा भाता झाला होता.

दार उघडलं. केस पांढरे, पाठीला बाक, तरीही तिच्याकडे मान वर करूनच बघावं लागलं. हातात अर्धवट इस्त्री केलेला शर्ट होता. क्षणभर तिने निरखून पाहिलं.

"भिंगरी! अगं, अजून पळतेच आहेस का? आत ये, बस आधी."

"बसत नाही. क्लबचा इतिहास छापतोय. त्यात तुझं नाव हवंय." तिला दम लागला. "मला... आठवेना गं."

शिडी रागावली नाही आणि हसलीही नाही. शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकून तिने प्रूफ टेबलावर पसरलं, पेन घेतलं आणि थांबली.

"कुठलं लिहू? खेळत होते तेव्हाचं, की लग्नात बदललं ते?"

"तेव्हाचं."

शिडीने समासात सावकाश लिहिलं, एकेक अक्षर जपून. मग कागद डोळ्यांपासून लांब धरून तिने ते नाव मोठ्याने वाचलं. एकदा. पुन्हा एकदा.

आतल्या खोलीतून सुनेने विचारलं, "आई, कुणाला हाक मारताय?"